हा डोंगर आमच्याच मागे का?

नववीच्या मराठीला ‘माझा परिसर’ हा निबंध ठरलेला. मुले तो गाइडमधून पाठ करतात. मग दहा बाय पंधराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाच्या निबंधातही झुळझुळ ओढा वाहतो, आमराई बहरते आणि पहाटे कोंबडा आरवतो. व्याकरण बरोबर असले की गुणही मिळतात. गोवंडीच्या एका मुलीच्या वहीत मात्र आम्हांला वेगळी वाक्ये भेटली. ‘आमच्या घराच्या मागे डोंगर आहे. त्यावर झाडे नाहीत, घारी आहेत. माझ्या दादीच्या वेळी तो लहान होता.’

हा डोंगर म्हणजे देवनारचे डम्पिंग ग्राउंड. ही मुलगी उर्दू माध्यमात शिकते. विज्ञानाच्या टीचरनी ‘पर्यावरण आणि आरोग्य’ या विषयावर प्रकल्प दिला होता. वही मराठीत लिहायची असल्याने ती भाषा तपासण्यासाठी आमच्याकडे आली. आम्ही शिकवतो मराठी आणि उर्दू, पर्यावरण हा आमचा विषय नव्हे. तरी वही हातातून सुटेना. मुलीची आणि तिच्या अम्मीची परवानगी घेऊन त्यातले काही इथे सांगत आहोत. नाव मुद्दाम गाळले आहे.

वहीची पहिली सात-आठ पाने सगळ्यांची असतात तशीच आहेत. ओला कचरा, सुका कचरा, पुनर्वापर, झाडे लावा, प्लास्टिक टाळा. नवव्या पानावर तिने लिहिले आहे, ‘आम्ही घरात दोन डबे ठेवले. पण पूर्ण मुंबईचे डबे जिथे रिकामे होतात तिथेच आम्ही राहतो. मग आमच्या दोन डब्यांनी काय होणार?’

आमच्या मते पर्यावरणाच्या शिक्षणाची खरी सुरुवात या प्रश्नापासून होते. शाळेतला हा विषय मुलांना आपल्या हाताकडे पाहायला शिकवतो, हात धुतले का, कागद डब्यात टाकला का. ते हवेच. पण डब्यातला कागद पुढे कुठे जातो, ते कोणी ठरवले, आणि तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले होते का, इथे पुस्तक थांबते. ही मुलगी थांबली नाही.

तिने आधी दादीला विचारले. दादी म्हणाली, ‘हम कहाँ आए बेटा, हमको लाया गया.’ पन्नासेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका वस्तीवर पाडकाम झाले. सामान टेम्पोत भरले गेले आणि दहा बाय पंधरा फुटांचा प्लॉट मिळाला. त्याची पावती दादीने अजून पेटीत जपून ठेवली आहे. मुलीला वाटायचे की आपले लोक गरीब होते म्हणून स्वस्त जागा शोधत इथे आले असतील. पावतीने वेगळे सांगितले.

इतिहासही तेच सांगतो. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या कारभाऱ्यांना घाण शहराबाहेर नेण्याची निकड वाटू लागली. पुढे कचरा रेल्वेने चेंबूरच्या दलदलीकडे नेला जाऊ लागला. देवनारला कचरा टाकणे सुरू झाले ते १९२७ मध्ये. म्हणजे शंभर वर्षे होत आली. तेव्हा तिथे खाडी होती, खारफुटी होती, कोळ्यांची गावे होती. १९७० च्या दशकात शहरातल्या वस्त्या उठवून शिवाजीनगर, बैंगनवाडी या भागात प्लॉट पाडून माणसे बसवली गेली. १९७६ मध्ये अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी हटवली गेली आणि तिथल्या हजारो लोकांना चिता कॅम्पमध्ये नेले गेले. १९७१ मध्ये कत्तलखानाही देवनारला आला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून अनेक मुस्लिम कुटुंबे इकडे सरकली. नंतर रस्ते आणि रेल्वे रुंद करताना घरे गेलेल्यांच्या इमारती याच विभागात उभ्या राहिल्या. थोडक्यात, कचरा आधी आला आणि नंतर वेळोवेळी शहराला नकोशी झालेली माणसे त्याच्या शेजारी ठेवली गेली. गोवंडी-मानखुर्दचा हा एम पूर्व विभाग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात तो शहरातल्या सगळ्या विभागांत तळाशी होता. हा काही योगायोग नव्हे.

डम्पिंग ग्राउंड सुमारे १३२ हेक्टरांचे आहे, म्हणजे सव्वातीनशे एकर. आज मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, पण जुना ढीग जागेवरच आहे. तो उपसण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली, तेव्हा जुन्या कचऱ्याचा अंदाज १ कोटी ८५ लाख टनांचा होता. मुलीने हा आकडा वहीत लिहिला आणि खाली भागाकार करून पाहिला की वर्गातल्या प्रत्येकाच्या वाट्याला किती टन येतील. मग त्यावर काट मारली. आम्ही कारण विचारले तर म्हणाली, ‘टीचर, हा कचरा आमचा नाहीच, मग वाटणी आमच्यात का?’

हा ढीग जळतो कसा, हेही तिने नीट समजून घेतले आहे. अन्न, भाजीपाला, कागद असा कुजणारा माल हवेविना दाबला गेला की त्यातून मिथेन वायू तयार होतो. तो पेटतो आणि आग आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी मारले तरी खाली निखारा असतो. जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस चालली. तिचा धूर ‘नासा’च्या उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला आठवते ते एवढेच, की अम्मीने ओढणी भिजवून खिडकीला लावली होती आणि संध्याकाळी ती काळी पडली होती.

ओढणीवर दिसली ती काजळी. ओढणीतून जे आरपार गेले ते अधिक वाईट. धुरातले सर्वांत बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. नाकातले केस किंवा ओली ओढणी त्यांना अडवू शकत नाही. ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथून रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वर्षाची सुरक्षित सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम सांगितली. आपल्या देशाचे मानक ४० आहे. मुलीने महिनाभर मोबाइलवरच्या ‘समीर’ ॲपवरून रोजचा हवेचा निर्देशांक टिपून ठेवला आणि शेजारच्या रकान्यात लहान भावाच्या खोकल्याची नोंद केली. कोणत्याही शास्त्रज्ञाने तिला हे सुचवले नव्हते.

भावाला दमा आहे. घरातला झगडा इन्हेलरवरून होता. शेजारच्या खाला सांगत, ‘पंपाची आदत लग जाती है,’ म्हणून अम्मी तो लपवून ठेवी आणि फारच धाप लागली तर काढी. हा गैरसमज आपल्या घराघरांत आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. इन्हेलरचे व्यसन लागत नाही. त्यातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम होते. रोज घ्यायचा इन्हेलर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद केला की झटका येण्याचा धोका वाढतो. मुलीच्या रिश्त्याच्या वेळी तो लपवावा, ही तर लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती लाज रुग्णाची नव्हे. रमजानमध्ये रोज्यात इन्हेलर घ्यावा की नाही यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत. डॉक्टर आणि आपले आलिम या दोघांना विचारून ठरवावे. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे, ती नाकारण्यात जास्त पुण्य नाही.

दम्याइतकाच या भागाला टीबीने ग्रासले आहे. इथे हवेबरोबर घरांची रचनाही येते. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहतींमध्ये काही वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या एका संस्थेने घरोघर पाहणी केली. सुमारे दहा घरांमागे एका घरात टीबीचा रुग्ण सापडला, तर जवळच्याच पण मोकळ्या बांधणीच्या वसाहतीत शंभरांत एका. पहिल्या दोन ठिकाणी इमारतींमध्ये अवघे तीन मीटरांचे अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन येत नाही, वारा फिरत नाही आणि दुपारीही दिवा लावावा लागतो. टीबीचे जंतू कोंदट अंधारात टिकतात, उन्हात मरतात. ज्याने तो नकाशा मंजूर केला त्याने रोगही मंजूर केला, असे आम्हांला वाटते. वाचकांनी एक लक्षात ठेवावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

वहीच्या मध्यावर ‘इन्साफ’ हा शब्द पहिल्यांदा येतो. मराठी वहीत उर्दू शब्द आला म्हणून तिने स्वतःच तो खोडला आणि ‘न्याय’ लिहिले. आम्ही दोन्ही ठेवायला सांगितले. हवापाण्याच्या संदर्भात हा शब्द जगात कसा रुजला, ती गोष्टही तिला सांगितली.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७८ मध्ये काही लोकांनी पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेले तेल रात्री गुपचूप मैलोगणती रस्त्याच्या कडेला ओतले. ती माती खरवडून कुठेतरी पुरणे भाग होते. सरकारने निवडला वॉरन परगणा. तिथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची आणि गरिबांची होती. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये मातीचे ट्रक येऊ लागले तेव्हा लोक तिथल्या लहानशा चर्चमध्ये जमले, प्रार्थना करून निघाले आणि रस्त्यावर आडवे पडले. पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. तरीही माती तिथेच पुरली गेली. पण तिथून ‘पर्यावरणीय न्याय’ ही चळवळ उभी राहिली. १९८७ मध्ये एका चर्च संघटनेच्याच अहवालाने देशभराची पाहणी करून दाखवले की घातक कचऱ्याची ठिकाणे कुठे असतील याचा सर्वांत नेमका अंदाज तिथल्या लोकांच्या वंशावरून बांधता येतो. ते विष पुढे वीस वर्षांनी सरकारी खर्चाने साफ करावे लागले.

मुलीच्या लक्षात राहिला तो चर्चचा भाग. तिने लिहिले, ‘ते लोक प्रार्थनेच्या जागेतून निघाले. आपल्या मशिदीत कचऱ्यावर कधी बयान झाले आहे का?’

प्रश्न बोचरा आहे आणि योग्य आहे. वजू आणि गुस्लच्या बारीकसारीक मसायलवर आपल्याकडे तासन्‌तास बोलले जाते. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाण्याच्या जागी, लोकांच्या वाटेवर आणि सावलीत घाण करण्यास मनाई केली होती, रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग सांगितला होता, आणि ना स्वतः नुकसान पोहोचवावे ना नुकसानीला नुकसानीने उत्तर द्यावे हा नियम घालून दिला होता, याचा धागा आपण आजच्या धुरापर्यंत आणत नाही. आपल्या फुकहांनी तो आणला होता. विहिरीभोवती किती जागा राखीव ठेवावी, भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या घरात जात असेल तर काय करावे, यावर त्यांनी निकाल दिले आहेत. एकोणिसाव्या शतकात उस्मानी सल्तनतीने ‘मजल्ला’ हा दिवाणी कायदा तयार केला, त्यातही शेजाऱ्याला होणारे मोठे नुकसान दूर केलेच पाहिजे असे कलम आहे. तिथे शेजारी म्हणजे एक घर. इथे एका शहराचा शेजार आहे.

भोपाळही वहीत आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि वाऱ्याबरोबर जुन्या शहराच्या गरीब वस्त्यांत शिरला. हे पाठ्यपुस्तकांत असते. नंतरची चाळीस वर्षे नसतात. रशिदा बी या फारसे शिक्षण नसलेल्या गृहिणीने घरातली माणसे गमावली. गॅसपीडित महिलांच्या कामाच्या ठिकाणी त्यांना चंपादेवी शुक्ला भेटल्या. एक मुसलमान, एक हिंदू. १९८९ मध्ये त्या इतर बायकांबरोबर मागण्या घेऊन भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. २००४ मध्ये दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट काढला, तिथे गॅसपीडित घरांतल्या अपंग मुलांवर उपचार होतात. अब्दुल जब्बार यांचेही असेच. शाहजहानी पार्कमध्ये दर शनिवारी ते पीडितांची सभा घेत, तीही एक-दोन वर्षे नव्हे, दशकानुदशके. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मुलीने रशिदा बींबद्दल दोन पाने लिहिली आहेत. आमच्या मुलींना दाखवायला अशी उदाहरणे आहेत, हे आपण मोठ्यांनीच विसरू नये.

गोवंडीचे लोकही नुसते खोकत बसलेले नाहीत. मुंबईतल्या दवाखान्यांचा जैविक कचरा जाळणारा प्लांट २००९ मध्ये इथे सुरू झाला. इथल्या रहिवाशांची एक संस्था त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तो दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हलवण्यास सांगितले. प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवले आहे. शाळाशाळांत पर्यावरण शिकवले जाते तेही त्याच वर्षीच्या त्या न्यायालयाच्या आदेशामुळे. मुलांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. कलम २१ हे त्यांना तोपर्यंत नागरिकशास्त्राच्या रिकाम्या जागा भरण्यापुरते ठाऊक असते.

आता आमच्या बाजूचेही बोलू. बकरी ईदला कातडी आणि आतडी गटाराशेजारी टाकणारे बाहेरून येत नाहीत. थंडीत टायर आणि प्लास्टिक पेटवून शेकणारी पोरे आपलीच. तांब्याची तार काढण्यासाठी गल्लीत वायर जाळली जाते, तिचा धूर डम्पिंगच्या धुराइतकाच विषारी. कचरा वेचणाऱ्याचे पोट त्यावर आहे, हे मान्य. म्हणून त्याला शिव्या न देता वायर सोलण्याची साधी हत्यारे मिळवून द्यावीत, मोहल्ल्याच्या जमातीला एवढे सहज जमेल. आणि घरातले डायपर, सॅनिटरी पॅड, सुया, ब्लेड कागदात वेगळे गुंडाळून द्यावेत. ते उघड्या हाताने निवडणारी बाई बहुधा आपल्याच गल्लीत राहते.

या सगळ्या अभ्यासाने मुलीत काय बदलले? आधी ती फॉर्मवर पत्ता लिहिताना कुर्ल्याच्या मामूंचा लिहायची. फूफीचा एक रिश्ता ‘गोवंडीची मुलगी’ म्हणून मोडला होता, ते घरात सर्वांना माहीत होते. आता ती स्वतःचा पत्ता लिहिते, प्लॉट नंबरासकट. तिच्या शब्दांत, ‘आधी मला वाटायचे आम्ही घाणेरडे आहोत म्हणून इथे कचरा आहे.’ चौदा वर्षांची मुलगी इतकी वर्षे हे मनात घेऊन शाळेत येत होती.

वहीतला एक प्रश्न आमच्याकडून सुटलेला नाही. देवनारचा ढीग उपसून मोकळ्या होणाऱ्या जमिनीपैकी सुमारे १२४ एकर धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. त्यावर तिने लिहिले आहे, ‘आधी माणसांना कचऱ्याच्या बाजूला ठेवले. आता कचऱ्याच्या जागेवर ठेवणार. माझ्या दादीसारखी तिकडची दादी पण म्हणेल, हमको लाया गया.’

प्रकल्पाचा शेवट म्हणून वर्गाने विभाग कार्यालयाला देण्यासाठी एक पत्र लिहिले. उघड्यावर जाळणे थांबवायला रात्री कोण फिरते, शाळेच्या वेळेत हवा खराब असेल तर आम्हांला कोण कळवणार, आणि जैविक कचऱ्याचा प्लांट हलवण्याचे काम कुठवर आले, हे तीन प्रश्न. तिसऱ्यावर वर्गात भांडण झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘खालापूरमध्ये पण मुले असतील ना?’ अर्धा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. इतकी वर्षे आपण सोसले, आता दुसऱ्याची पाळी, असाच सूर होता. वही लिहिणारी मुलगी त्या मुलाच्या बाजूने होती. तास संपला तरी ठरेना. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मुलांनी आपापसांत वाक्य ठरवले, आम्ही त्यातले फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारले: ‘प्लांट लवकर हलवावा. पण जिथे न्याल तिथून घरे किती लांब आहेत ते आधी मोजावे, आणि तिथल्या लोकांना विचारावे. आम्हांला कोणी विचारले नव्हते.’